शनिवारी चार वाजता अवश्य येण्याचे करावे

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर एक गोरा डॉक्टर होता. पान उघडलं की तो हसायचा. गळ्यात स्टेथोस्कोप, दात पांढरेशुभ्र, मागे काचेची उंच इमारत. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी आहे. पेशंटनं घरूनच नंबर लावायचा, नंबर जवळ आला की फोनवर मेसेज येतो, मग निघायचं. जबलपुरातल्या ज्या डॉक्टरांना आम्ही हे विकायला बघत होतो ते थंडीत मफलर गुंडाळून, टेबलाखाली हीटर लावून बसतात आणि त्यांना हसायला वेळ नसतो. त्या गोऱ्याला बघून एकाही डॉक्टरनं आम्हाला कधी फोन केला नव्हता. मला तो माणूस पहिल्यापासून डोक्यात जायचा. शेवटी एका जानेवारीत त्याला काढून टाकायचं काम माझ्याच वाट्याला आलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

कंपनी पुण्याची. जबलपूरची शाखा म्हणजे नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरची एक खोली, आणि खोलीत दोन माणसं. पानावर काय दिसावं, काय लिहावं हे ठरवणारी मी, आणि ते प्रत्यक्षात चालतं करणारा डेव्हलपर. तो रोज शहपुऱ्याहून यायचा, माझ्यापेक्षा बराच लहान, मला दीदी म्हणायचा. सॉफ्टवेअर विकणारा तिसराही एक होता, पण तो दिवाळीला म्हणून इंदूरला गेला तो तिकडचाच झाला.

पुण्याच्या मॅडमनी फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं. वेबसाइटचं पहिलं पान, म्हणजे लँडिंग पेज, नव्यानं करायचं. त्यावरच्या बटणावरून लोकांनी डेमो मागितले, तर शाखा राहील. नाही आले, तर शाखा बंद. डेव्हलपरला घरून काम करता येईल, मला मात्र पुण्याला येऊन बसावं लागेल. "तुमच्यासाठी इथे जागा आहेच, काळजी करू नका," त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. उलट इतक्या चांगल्या होत्या, की भांडायचीही सोय नव्हती.

मला जायचं नव्हतं. साधं वाक्य आहे, पण ते मी कुणापाशी बोलले नव्हते, कारण ज्यांच्यापाशी बोलायचं ते बाबा मला रोज सकाळी पुण्याला धाडत होते. आई गेल्यापासून जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी आम्ही दोघंच. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथं जन्मभर त्यांनी तयार माल तपासून पास-नापास केला, आणि अजूनही ते बाजारातून आणलेली भाजी त्याच नजरेनं बघतात. "तू जा," ते चहा ओतता ओतता म्हणायचे. "इथं काय ठेवलं आहे? माझं काय, मी मस्त राहीन." त्यांनी माळ्यावरून मोठी सुटकेस काढून गच्चीवर उन्हात ठेवली होती. पोळ्या लाटायला शिकत होते. इतक्या उत्साहानं शिकत होते, की मला राग यायचा. बापाला आपण इतके नकोसे झालो काय, असं वाटून मी त्यांच्या पोळ्यांना नकाशे म्हणायची.

तरी खरं सांगते, ते पान करतानाचे दिवस फार मजेत गेले. शाखा बुडणार म्हटल्यावर आम्हाला एकदम कुणाची भीतीच राहिली नाही. मटारचा हंगाम होता. डेव्हलपरच्या घरचं शेत, तो रोज पिशवी भरून शेंगा आणायचा आणि आम्ही की-बोर्डच्या दोन्ही बाजूंना सालींचे ढीग लावत काम करायचो. गोरा डॉक्टर काढला त्या दिवशी त्यानं खाली जाऊन समोसे आणले. मग पान काही वेळ अगदी रिकामं, पांढरं झालं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत समोसे खात बसलो.

बटणाच्या रंगावरून मात्र आमचं जुंपलं. मॅडमना निळा हवा होता, निळ्यानं विश्वास वाटतो म्हणे. डेव्हलपरला केशरी हवा होता. मला हिरवा हवा होता, पण दाखवलेला प्रत्येक हिरवा औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखा दिसायचा. शेवटी वैतागून त्यानं एक शेंग सोलली आणि ती तशीच उघडी स्क्रीनला टेकवली. "ये वाला, दीदी?" तोच होता! आम्ही शेंग धरून धरून रंग जुळवला. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हा नेमका कुठला शेड?" मी म्हटलं, "स्थानिक." खाली मान घालून डेव्हलपर शेंगा खात राहिला.

मथळ्यावर आठवडा गेला. पुण्याहून आलेल्या मथळ्यात परिवर्तन होतं, प्रवास होता, अनुभव होता, फक्त दवाखाना नव्हता. आम्ही लिहिलं, "नंबर आए, तब आइए." फोटो कुणाचा लावायचा हा प्रश्न गच्चीवर सुटला. बाबा उन्हात बसून मटार सोलत होते, शेजारी त्यांचा फोन पडलेला. मी वरून फोटो काढला. दाण्यांनी भरलेलं ताट, बाबांचे हात, फोनवर आमचा मेसेज, तुमच्या आधी अजून तीन जण आहेत. "चेहरा नको," बाबांनी बजावलं, आणि ताटातला एक किडका दाणा वेचून बाहेर टाकला. "आता काढ."

पान हिंदीत आणि इंग्रजीत झालं. मराठीची गरज कुणालाच नव्हती, पण मला हौस. जबलपूरच्या आम्हा मराठी लोकांचं असंच आहे. घराबाहेर सगळं हिंदीत, आणि लिहायची वेळ आली की मराठीचं भरतं येतं. एके दुपारी मी सगळं पान मराठीत करून टाकलं. बटण दाबून नाव-नंबर दिला की फोनवर एक मेसेज जातो, तेवढा राहिला होता. इंग्रजीत तो ठीक होता, आम्ही आपल्याशी बोलायला उत्सुक आहोत वगैरे. मराठीत तो काही केल्या जमेना. कुणाला येण्याबद्दल आदरानं लिहायचं, तर माझ्या डोक्यात एकच मराठी होती, ती म्हणजे लग्नपत्रिकांची. मी लिहिलं, "शनिवारी दुपारी चार वाजता अवश्य येण्याचे करावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत." खाली आपोआप ऑफिसचा पत्ता येत होता. डेमो फोनवरच द्यायचा होता, येण्याजाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे नीट करू म्हणून मी ते तसंच ठेवलं. आणि शनिवारी चार का, तर डेव्हलपरनं चाचणीपुरती कॅलेंडरात तेवढी एकच वेळ उघडी ठेवली होती.

इथं आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. शहरातल्या मराठी घरांचं हे मंडळ. कारखान्यांतले, रेल्वेतले, सरकारी ऑफिसांतले, बहुतेक आता रिटायर झालेले. त्यांची एक रीत आहे. मंडळातल्या कुणाच्याही पोरानं काहीही नवीन काढलं, की सगळ्यांनी नारळ घेऊन बघायला जायचं. काय काढलं हे विचारायचं नसतं. एकानं झेरॉक्सचं दुकान टाकलं तेव्हा मंडळी मशीनसमोर उभी राहून आरती म्हणून आली होती, आणि मग प्रत्येकानं कौतुक म्हणून आपापल्या आधार कार्डाची एक प्रत काढून घेतली होती.

मॅडम म्हणाल्या होत्या, ज्यांना आपलं काम माहीत नाही अशा चार लोकांना पान दाखवा. मी बाबांना लिंक पाठवली. बाबांनी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, "मुलीने नवीन पान उघडले आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचते तर डेव्हलपर खुर्चीवर उभा. कुणी बटण दाबलं की त्याच्या कॉम्प्युटरवर एक टिंग वाजायची, आणि ती टिंग थांबायलाच तयार नव्हती. "दीदी, लाइन लग गई! लाइन लग गई!" मी पिशवी टाकली आणि आम्ही दोघांनी त्या एवढ्याशा खोलीत असा काही नाच केला, की खाली भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी छताला काठी ठोकली. टिंग. राहिले मी! टिंग. नाही जात पुण्याला! मॅडमनाही तिकडे दिसत होतं. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचाही आवाज चढलेला. "शनिवारी मी स्वतः जॉइन होते. एवढे डॉक्टर एका वेळी! कमाल केलीत."

फोन ठेवून मी आलेली नावं वाचायला घेतली. पहिल्या नावाच्या काकूंनी मला मोदक वळायला शिकवलं होतं. दुसरे काका गणपतीत तबला वाजवतात. तिसरं नाव माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचं. मी खुर्चीत बसले. त्यात एकही डॉक्टर नव्हता.

"क्या हुआ दीदी?" डेव्हलपरनं विचारलं. मी म्हटलं, "बारात आ रही है."

ती अडवायचा मी प्रयत्न केला. मंडळाच्या सेक्रेटरी काकूंना फोन करून म्हटलं, काकू, तो कार्यक्रम नाही, तो डेमो आहे. "अच्छा, तर काहून लिहिलं मग वाट पाहत आहोत?" त्या म्हणाल्या. "आता सगळे तयारी करून राहिले. तू टेन्शन नको घेऊ, खायचं आम्ही घेऊन येतो." मॅडमना खरं सांगायला फोन उचलला, तर त्या मीटिंगमध्ये. मग माझा धीर सुटला, आणि धीर सुटल्यावर जे हसू सुटतं ते सुटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते इस्त्री करत होते. रिटायर झाले त्या दिवशीचा कोट. "शनिवारी घालतो," म्हणाले.

शनिवारी चारच्या आधीच जिन्यावर चपला इतक्या साठल्या, की कोचिंगची मुलं खालीच अडकली. काकू जरीच्या साड्यांत, वर स्वेटर. काका मंडळींनी कानटोप्या काढून हातात धरलेल्या. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे तिळगुळाचे डबे. खुर्च्या दोनच होत्या. बाकीच्यांनी सतरंजी आणली होती, कारण मंडळाला सतरंजीशिवाय बाहेर पडताच येत नाही. सेक्रेटरी काकूंनी विचारलं, "पान कुठं आहे?" मी मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. त्यांनी पुढे होऊन स्क्रीनच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, खाली नारळ ठेवला आणि माझ्या हातात खण दिला. डेव्हलपर वायरी सांभाळत भिंतीला चिकटून उभा होता. त्याच्या तोंडात एकीनं लाडू घातला.

त्याच वेळी स्क्रीनवर मॅडम उगवल्या. नीटस केस, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर हळदकुंकवाची बोटं. सगळे एकदम "नमस्कार, नमस्कार" म्हणाले. एका काकूंनी कॅमेऱ्यासमोर तिळगूळ धरला आणि मॅडमनी, बिचाऱ्यांनी, पुण्यात बसून हात पुढे केला.

मी डेमो दिला. दुसरं करणार काय? आणि गंमत अशी, की खोली शांत झाली. नंबर कसा लावायचा, किती जण आधी आहेत ते कसं दिसतं, मेसेज कधी येतो. या लोकांचं निम्मं आयुष्य आता दवाखान्यांच्या बाकड्यांवर जात होतं. रेल्वेतले एक काका म्हणाले, "म्हणजे सकाळी सातला जाऊन रुमाल ठेवायची गरज नाही?" नाही, म्हटलं. "आणि डॉक्टरच उशिरा आला तर?" तेही कळतं, म्हटलं. सगळीकडून "वा, वा" झालं. मी तर हवेतच होते. वाटलं, निभावलं.

मग मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "आपल्यापैकी डॉक्टर कोण कोण आहेत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी रेल्वेवाले काका म्हणाले, "आम्ही सगळे पेशंट आहोत."

खोली हसली, मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मग आपण सगळ्यांनी डेमो का बुक केलात?" त्यांनी विचारलं. संपलं, असं मला स्पष्ट वाटलं. ती सुटकेस गच्चीवर उन्हात उघडी पडलेली मला दिसली.

बाबा सतरंजीवरून उठले. कोट आता त्यांना सैल होतो. त्यांनी तो खाली ओढला आणि कारखान्यात मोठ्या साहेबांसमोर उभे राहत असतील तसे स्क्रीनसमोर उभे राहिले.

"मॅडम, हिनं बोलावलं म्हणून आले हे सगळे. आमच्यात बोलावल्यावर येतात." मग त्यांनी स्क्रीनवर मॅडमच्या शेजारी उघड्या असलेल्या पानावरच्या फोटोकडे बोट केलं. "ते हात माझे आहेत."

"पाहिलं मी, अंगठी भाऊजींचीच आहे," सेक्रेटरी काकू मागून म्हणाल्या.

"मी रोज हिला सांगून राहिलो, पुण्याला जा," बाबा म्हणाले. "बाप आहे, तसंच सांगावं लागतं. उद्या मी धरून ठेवलं असं नको व्हायला. पण जन्मभर मी मालावर खोटा शिक्का नाही मारला, मॅडम. आज सगळ्यांसमोर सांगतो. ती गेलेली मला नाही चालणार."

आणि ते खाली बसले. मी समोरच्या की-बोर्डकडे बघत होते आणि त्यावरची अक्षरं मला दिसत नव्हती. इतके दिवस मी त्यांच्या पोळ्यांना नकाशे म्हणत होते आणि ते मुकाट्यानं दुसरी लाटत होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता, की त्या आनंदाचं काय करावं ते कळेना. डेव्हलपरला मराठी सगळी कळते, बोलता येत नाही. त्यानं माझ्यापुढे शेंगांची पिशवी सरकवली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काका, हे मी एकटी ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "पण होळीपर्यंत थांबायला सांगते. तोवर खरे डॉक्टर हवेत."

"डॉक्टर ना?" सेक्रेटरी काकू म्हणाल्या. "आपापले डॉक्टर सगळ्यांनी पाहून घ्या." आणि मंडळी डबे उघडून खायला बसली.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. पानावरची टिंग फारशी वाजली नाही, फोनच वाजू लागला. पहिले डॉक्टर गोरखपूरचेच, हाडांचे. "मैडम, वो नंबर वाला क्या है आपका? लगा दीजिए. एक माताजी घुटना दिखाने आती हैं, घुटना छोड़के वही पूछती हैं." दुसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात म्हणे रेल्वेवाले काका रोज सकाळी रुमाल ठेवून जात होते आणि सगळ्यांना सांगत होते, की जमाना कुठच्या कुठे गेला आणि आपण अजून रुमाल ठेवून राहिलो. दातांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, एक तर जनावरांचे डॉक्टर. डेव्हलपर आणि मी स्कूटरवरून दवाखाने पालथे घालत होतो. मी गाडी चालवायची, त्यानं मागे लॅपटॉप पोटाशी धरून बसायचं, आणि प्रत्येक दवाखान्यात शिरल्यावर बाकड्यावरून कुणीतरी ओळखीचं हात हलवायचं.

होळीच्या आधी मॅडमचा फोन आला. शाखा राहतेय. विकणारा माणूस नवीन घ्या, म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता मी त्यांना सांगितलं, तो मराठी मेसेज आता बदलून टाकते. "कशाला?" त्या म्हणाल्या. "राहू द्या तसाच."

मी त्या दिवशी लवकर घरी आले. बाबा गच्चीवर होते, हंगामातला शेवटचा मटार सोलत. दाणे आता जून झाले होते, बाबांनी बरेचसे नापास करून बाजूला टाकलेले. मी म्हटलं, "बाबा, शाखा राहिली. मी इथंच आहे."

"अच्छा," बाबा म्हणाले. "चलो, बरं झालं." एवढंच. आणखी दोन शेंगा सोलल्या, ताट माझ्याकडे सरकवलं, हात झटकले आणि फोन घेऊन जिन्यानं खाली गेले. मी त्यांच्या जागेवर बसले आणि सोलू लागले.

थोड्या वेळानं खालून त्यांचा आवाज आला. आधी सेक्रेटरी काकूंना, मग रेल्वेवाल्या काकांना, मग आणखी कुणाला, त्यांनी एकामागून एक फोन लावले होते. गच्चीवरच काय, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते प्रत्येकाला एकच सांगत होते, "नाही जाऊन राहिली! अहो, ती नाही जाऊन राहिली!"